डिस्चार्जनंतरचे सात दिवस: आत्महत्या प्रतिबंधाचं संशोधन खान्देशातल्या गावांत कसं राबवायचं

10 सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो, एखादं व्याख्यान होतं, फोटो ग्रुपवर पडतात. त्याच आठवड्यात त्याच रुग्णालयातून फवारणीचं औषध प्यायलेली एखादी सूनबाई वाचून घरी जाते आणि पुढचे सहा महिने तिच्या ओट्यावर आरोग्य खात्याचं कुणी चढत नाही. फ्लेक्स लावल्याने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा शोधूनही सापडत नाही. त्या ओट्यावर वेळेत गेल्याने काय होतं, याचा पुरावा मात्र आहे.

हे मार्गदर्शन समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशा गटप्रवर्तक, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांसाठी आहे. गृहीत इतकंच धरलं आहे की मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाही, स्वतंत्र निधी नाही आणि दोन-तीन माणसं आठवड्यातला अर्धा दिवस देऊ शकतात.

वाचता वाचता स्वतःच्याच मनात जीव नको झाल्याचे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि 14416 हा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर लावा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. 1800-891-4416 हाही त्यांचाच नंबर आहे.

आधी कामाचा हिशेब

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. लाखामागे हे प्रमाण साधारण 18 पडतं. सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली 30,000 लोकसंख्या धरतात, आदिवासी व डोंगरी भागात 20,000. म्हणजे यावल-रावेर किंवा शिरपूरच्या एखाद्या केंद्राच्या हद्दीत वर्षाला सरासरी पाच नोंदलेले मृत्यू. एका मृत्यूमागे वीस किंवा त्याहून जास्त प्रयत्न असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले बरेच जण दवाखान्यात येतच नाहीत.

समजा वर्षभरात 25 जण तुमच्या नोंदवहीत आले. प्रत्येकाला दीड वर्षात नऊ भेटी. 225 भेटी भागिले 18 महिने, म्हणजे महिन्याला बारा-तेरा. आठवड्याला तीन. पुढच्या वर्षाची माणसं त्यात मिळाली की चार-पाच होतील. ‘एवढं मनुष्यबळ कुठून आणायचं’ हा बैठकीतला पहिला आक्षेप असतो. त्या वेळी हा गुणाकार फळ्यावर मांडा.

संशोधनातलं काय उचलायचं, काय सोडायचं

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये चार कामं पुढे ठेवली: साधनं हाताशी राहू न देणं, जबाबदार वार्तांकन, किशोरवयीनांना जगण्याची कौशल्यं शिकवणं, आणि धोक्यातल्या माणसाला लवकर ओळखून त्याचा पाठपुरावा करणं. चारही एकदम सुरू केली की चारही अर्धी राहतात. पाठपुराव्यापासून सुरुवात करा, त्याच्या बरोबरीने फवारणीच्या औषधाचं पाहा. बाकीचं सहा महिन्यांनी.

पाठपुराव्याचा भक्कम आधार 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात आहे. प्रयत्न करून दवाखान्यात आलेले 1,867 जण. पाच ठिकाणांपैकी एक चेन्नई. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांसोबत डिस्चार्जच्या सुमारास तासभराचं बोलणं आणि नंतर दीड वर्षात नऊ संपर्क. दीड वर्षानंतर आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात 2.2 टक्के, दुसऱ्यात 0.2 टक्के. पुढच्या प्रत्येक प्रयोगात इतका ठळक फरक दिसलेला नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. पण एवढ्या कमी खर्चात, डोंगरातही जमेल असं याच्या तोडीचं दुसरं काम समोर नाही.

गावातली, पदवी नसलेली पण नीट शिकवलेली माणसं हे करू शकतात का? अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने स्थानिक कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार केले. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेलं. आपल्याला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या 41 गावांत झालेला ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमाचा प्रयोग. तिथेही काम गावातल्याच माणसांनी केलं.

कुठलाही प्रयोग उचलताना एक प्रश्न विचारा: यातला गाभा कोणता आणि साल कोणती? नऊ संपर्क, ठरलेले दिवस, भेटणारा माणूस शक्यतो तोच राहणं, हा गाभा. भेट घरी झाली, फोनवर झाली की आठवडे बाजारात चहाच्या टपरीमागे झाली, ही साल. ती तुमच्या गावाप्रमाणे बदला. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. छापील फॉर्म जसाच्या तसा राहतो आणि नऊच्या तीन भेटी होतात.

नोंदवही: नावं कुठून मिळणार

तीन ठिकाणांहून. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचं अपघात विभागाचं रजिस्टर, 108 रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि आशाताई. रुग्णालयाच्या अधीक्षकांशी एकदा बोलून ठरवून घ्या की विषबाधा, भाजणं, गळ्यावरच्या जखमा, गोळ्यांचा जादा डोस अशा प्रत्येक रुग्णाचं तुमच्या हद्दीतलं गाव दिसलं की परिचारिका त्याच दिवशी एक मिस्ड कॉल देईल. संदेश नको, कारण संदेश पुढे ढकलले जातात. आणि हे सगळं रुग्णाला सांगून. ‘घरी गेल्यावर आमची ताई भेटायला येईल, चालेल ना?’ एवढं परिचारिकेने विचारलेलं पुरतं. नाही म्हणाल्यास नोंद करायची नाही. 14416 चा कागद हातात द्यायचा.

रजिस्टर वाचताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे ‘चुकून’ हा शब्द. पोलिसांचं लचांड नको म्हणून नातेवाईक सर्रास ‘चुकून प्यायली’, ‘अंधारात बाटली बदलली’ असं लिहून घेतात. त्याच वेळी कपाशीच्या फवारणीत नाकातोंडातून औषध जाऊन खरोखर विषबाधा झालेले शेतमजूरही त्याच पानावर असतात. तेव्हा कागदावरून निष्कर्ष काढू नका, भेटून विचारा. दुसरी गोष्ट खुद्द ‘औषध’ या शब्दाची. आपल्याकडे डॉक्टरांचंही औषध आणि फवारणीचंही औषधच. पाठपुराव्याच्या फोनवर ‘औषध घेतलं का?’ असं विचारलं आणि फोन सासऱ्यांनी उचललेला असला, तर घरात काय वादळ होईल याचा विचार करा. नोंदवहीत आणि बोलण्यात कायम ‘गोळ्या’ आणि ‘फवारणीचं’ असे वेगळे शब्द वापरायचे, हे पहिल्या दिवशी ठरवून टाका.

नातेवाइकांची पोलिसांची भीती कमी करायला कायद्यातलं नेमकं माहीत हवं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 उरलेलं नाही. लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 खाली येतो. पोलीस जबाब घेतात, वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. हे नातेवाइकांना स्पष्ट सांगितलं की ‘चुकून’चं प्रमाण घटतं.

नोंदवही दोन भागांत ठेवा. एका वहीत फक्त क्रमांक, वय, डिस्चार्जची तारीख आणि नऊ रकाने. दुसऱ्या, कुलपातल्या वहीत त्या क्रमांकापुढे नाव, गाव, फोन. पहिली वही कुणी उघडली तरी त्याला काही कळू नये.

नऊ भेटी कधी आणि कशा

डिस्चार्जपासून 1, 2, 4, 7 आणि 11 आठवडे. मग 4, 6, 12 आणि 18 महिने. तारखा त्याच दिवशी काढून वहीत टाका. 1 जुलैला डिस्चार्ज झाला असेल तर 8 जुलै, 15 जुलै, 29 जुलै, 19 ऑगस्ट, 16 सप्टेंबर, 1 नोव्हेंबर, 1 जानेवारी, पुढची 1 जुलै आणि त्यानंतरची 1 जानेवारी.

आता या तारखा खान्देशाच्या वर्षावर ठेवून पाहा. 1 नोव्हेंबरची भेट कापूस वेचणीत आणि दिवाळीच्या आसपास येते, तेव्हा घरी दिवसा कुणी नसतं. संध्याकाळी सातनंतर जा. नंदुरबारच्या डोंगराकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, म्हणजे चौथ्या आणि सहाव्या महिन्याची भेट मुकादमाच्या तळावरच्या फोनवरच होणार. निघण्याआधी तीन नंबर घ्या: स्वतःचा, सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचा आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला माणसं परततात. राहिलेली भेट तेव्हा पूर्ण करा आणि वहीत ‘उशिरा’ असं प्रामाणिकपणे लिहा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते. तिथे फोनचा रकाना ठेवूच नका, बाजाराचा वार लिहा.

पहिली भेट प्रत्यक्षच हवी आणि सात दिवसांच्या आत. घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वात धोक्याचे. दवाखान्याची वर्दळ संपलेली असते, खर्चावरून बोलणी सुरू झालेली असतात आणि ज्या भांडणावरून हे झालं ते भांडण तिथेच असतं.

भेटायला कोण जाईल? मूळ अभ्यासात डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ होते. आपल्याकडे पहिली आणि चौथ्या आठवड्याची भेट समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिकेने करावी, बाकीच्या प्रशिक्षित आशाताईंनी. एक खबरदारी मात्र घ्या. गावची आशाताई बहुधा त्याच भावकीतली असते. तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चुलत सासूपर्यंत पोचेल अशी भीती बाईला वाटते, आणि ती भीती नेहमीच खोटी असते असं नाही. म्हणून शेजारच्या गावच्या आशाताईंची अदलाबदल करा. गाडीभाडं आणि मोबदला ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या पैशातून ठरवून द्या. फुकटात लादलेलं काम तिसऱ्या महिन्यात वहीतल्या खोट्या टिकांवर येतं.

घरच्यांसमोर निमित्त लागतं. ‘बीपी बघायला आले’ हे खान्देशातल्या कुठल्याही घरात चालतं. मशीन खरंच न्या, खरंच बीपी बघा, घरातल्या सगळ्यांचंच बघा. मग ‘चला, मागच्या अंगणात उजेड बरा आहे’ म्हणत दहा मिनिटं एकटीशी.

विचारायचं सरळ

‘असं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल’ ही शंका प्रत्येक प्रशिक्षणात निघते. 2014 मध्ये 13 अभ्यासांचा आढावा घेतला गेला. विचारल्याने असे विचार वाढल्याचं त्यात दिसलं नाही. अडचण वेगळीच असते. कार्यकर्ते गोल गोल विचारतात: ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच देऊन टाकलेलं असतं. समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि दोघंही सुटतात.

असं विचारा: ‘इतका त्रास झाला की काहींना जगणं नको वाटतं. तुम्हाला तसं वाटतं का?’ हो म्हणाले तर पुढे: ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते घरात आहे का? आज-उद्यात करावंसं वाटतंय का?’ कसं, कशाने, कधी या तिन्हींना उत्तर मिळालं तर माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी, सोबत जाऊन रुग्णालय. ‘चिठ्ठी देते, उद्या जा’ हे अशा वेळी चालणार नाही.

भाषेचं काम कमी लेखू नका. प्रमाण मराठीतला ‘आत्महत्येचे विचार येतात का’ हा प्रश्न साक्रीच्या म्हातारीला सरकारी वाटतो. ‘तुमना मनमा जीव देवाना इचार येस का?’ असं अहिराणीत कानावर पडलं की ती मान वर करून बघते. रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. भाषांतर करून घेऊ नका. त्या बोलीतल्या पाच-सहा वयस्क बायांना आणि पाच-सहा पुरुषांना आधी विचारा, ‘माणूस आतून खचला की तुमच्याकडे काय म्हणतात?’ ‘बाहेरचं झालंय’, ‘जीव उडाला’, ‘हातापायातलं निघून गेलं’, जे शब्द येतील ते गोळा करा आणि प्रश्न त्याच शब्दांत बांधा. दुसऱ्या गावात जाऊन एकदा तपासा.

भगत किंवा बडवा यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. ‘बाहेरचं’ झालेला माणूस सर्वात आधी त्यांच्याच दारात जातो, म्हणजे माहिती त्यांच्याकडे तुमच्या आधी पोचते. तुमचं तुम्ही करा, पण जीव देण्याची भाषा ऐकली की आम्हालाही कळवा, एवढाच करार करा. मारहाण, चटके देणं किंवा उपाशी ठेवणं असेल तिथे मात्र तडजोड नाही.

प्रशिक्षण दोन दिवसांचं, वीस जणांपेक्षा मोठं नको. निम्म्याहून जास्त वेळ जोड्या करून हे प्रश्न मोठ्याने विचारण्यात घालवा. पडद्यावरच्या स्लाइड बघून कुणाच्या तोंडाला हे शब्द येत नाहीत. तीन-चार महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी ठेवा, कारण शिकलेलं झपाट्याने बुजतं.

सुरक्षा योजनेचं कार्ड

सहा पायऱ्यांची ही योजना स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकन संशोधकांची. तिला फोनवरच्या पाठपुराव्याची जोड दिल्यावर सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे 45 टक्के कमी दिसलं, असा 2018 चा अभ्यास सांगतो. कार्ड पोस्टकार्डाएवढं, हाताने लिहिलेलं. भरल्यावर ते कसं दिसावं, याचा नमुना. केळी पट्ट्यातली एक विवाहिता डोळ्यांसमोर ठेवून तो रचला आहे:

1. चाहूल: पहाटे तीनला जाग येते. ‘माझ्यामुळेच सगळ्यांना ताप’ हे डोक्यात फिरायला लागतं. हात गार पडतात.
2. मी एकटी काय करेन: उठून दिवा लावेन. तोंडावर पाणी. तांदूळ निवडायला घेईन.
3. कुठे, कुणाजवळ जाऊन बसेन: समोरच्या मावशींच्या ओट्यावर. त्या पाचला उठतात.
4. कुणाला सांगेन: माहेरी भाऊ. तो नाही उचलला तर धाकटी नणंद.
5. दवाखाना: ताईंचा नंबर. रात्री 14416.
6. घरातलं: फवारणीचं सगळं शेतातल्या खोलीत हलवलं. किल्ली मामांच्या कडदोऱ्याला.

दुसऱ्या पायरीतले तांदूळ पाहा. ते त्या बाईचेच असायला हवेत. कार्यकर्ते घाईत ‘मन रमवावे’, ‘सकारात्मक विचार करावा’ असं लिहून मोकळे होतात; पहाटे तीनला अशा ओळीचा कुणालाही उपयोग नाही. चौथ्या पायरीत नवऱ्याचं नाव आपणहून घालू नका. तो आधार आहे की कारण, हे तिलाच ठरवू द्या. मारहाण होत असेल तर 181 आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर पाचव्या पायरीत येतं, आणि मग ते कार्ड घरात ठेवायचं नाही.

वाचता येत नसेल तर चित्रं काढा किंवा तिच्याच आवाजात, तिच्याच बोलीत फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येक भेटीत कार्ड काढून विचारा, काय वापरलं, काय जमलं नाही. जमलं नाही ते खोडून नवं लिहा. न खोडलेलं कोरं-करकरीत कार्ड दिसलं तर समजा की ते वापरात नाही.

आणि शपथा नकोत. ‘लेकराची आण घे, परत असं करणार नाही म्हणून.’ असं वचन घेतल्याने धोका कमी होतो याला आधार नाही. उलट पुन्हा विचार आले की आण मोडल्याच्या अपराधीपणाने बाई गप्प बसते.

फवारणीचं औषध घरापासून दूर

श्रीलंकेत 1995 मध्ये आत्महत्येचं प्रमाण लाखामागे 47 होतं. अतिविषारी कीटकनाशकांच्या आयातीवर त्या वर्षी आणि पुढे 1998 मध्ये निर्बंध आले, आणि 2005 पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आलं. शेतीचं उत्पादन त्यामुळे घसरलेलं दिसलं नाही. अनेकदा मरण्याची ओढ काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताला अतिविषारी काही लागलं नाही, तर माणूस वाचतो आणि वाचलेले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदी हे सरकारचं काम आहे, गावाच्या हातात अंतर आहे.

इथे एक सापळा आहे. घरोघरी कुलपाची पेटी वाटणं ही कल्पना फोटोला छान दिसते, देणगीदारांनाही आवडते. श्रीलंकेतच 180 गावांत, 50,000 हून अधिक घरांवर तिची रीतसर चाचणी झाली. निकाल 2017 मध्ये आला. पेट्या मिळालेल्या गावांत आणि न मिळालेल्या गावांत विष घेण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. कारण समजायला अवघड नाही. पेटी घरातच, किल्ली खिळ्याला, आणि फवारणीच्या दिवसांत कुलूप लावायचा कंटाळा. शिवाय दुकान, शेजारचं शेत आहेच. पैसे पेट्यांवर घालू नका.

त्याऐवजी गावाबाहेरचं सामायिक कोठार आजमावण्यासारखं आहे. तामिळनाडूत दोन गावांत केलेल्या छोट्या प्रयोगात ते आशादायक ठरलं. प्रयोग लहान होता, तेव्हा छातीठोक दावे नकोत. आपल्याकडे विकास सोसायटीच्या गोडाऊनची एक खोली पुरते. प्रत्येक खातेदाराला क्रमांकाचा कप्पा, कप्प्याची किल्ली शेतकऱ्याकडे, बाहेरच्या दाराची किल्ली राखणदाराकडे. दार पहाटे उघडलं पाहिजे. फवारणीला माणूस सहाला निघतो आणि कोठार नऊला उघडत असेल, तर पंधरा दिवसांत सगळ्या बाटल्या परत घरी जातात. खिडक्या समोरासमोर, फरशी धुता येईल अशी, साबण आणि पाणी दारात.

कोठार होईपर्यंत तीन गोष्टी लगेच करता येतात. लागेल तेवढंच आणायचं. उरलेल्या औषधाची बाटली, गोठ्यातली आणि पलंगाखालची, शेतातल्या खोलीत हलवायची. नोंदवहीतल्या घरांत हे काम पहिल्याच भेटीत, घरातल्या कर्त्या माणसाला सोबत घेऊन, डोळ्यांसमोर करून घ्यायचं. ‘करतो’ यावर सोडायचं नाही. कृषी सेवा केंद्रवाल्यांशीही बोला: दारू पिऊन आलेल्या, रडवेल्या, शेती नसलेल्या अनोळखी माणसाला ‘माल उद्या येईल’ म्हणायला काय जातं?

कुणी विष घेतलंच तर 108. वेळ लिहून ठेवा, बाटली किंवा लेबल सोबत द्या. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तेल काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर हकनाक जीव जातो. डाव्या कुशीवर झोपवा. औषध सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आपल्या हातात मोजे किंवा पिशवी घाला.

पुढे पाठवताना

‘जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या बहुधा चिठ्ठ्याच राहतात. मोलगीहून नंदुरबारला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोघांचं भाडं आणि ‘येड्यांच्या डॉक्टरकडे गेली’ हा शिक्का. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचे तालुक्याला येण्याचे दिवस भिंतीवर लिहून ठेवा आणि पहिल्या वेळी सोबत कुणीतरी जा. पुढची तपासणी टेली मानसवरून होते का ते विचारा. गोळ्या सुरू झाल्या तर सुरुवातीला एकदम महिन्याच्या न देता आठवड्याच्या द्यायला डॉक्टरांना सांगा आणि त्या घरातल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं नाही तर आठव्या दिवशी गोळ्या उकिरड्यावर जातात.

शाळा आणि आश्रमशाळांसाठी एकच सांगणं. युरोपातल्या 10 देशांत 168 शाळांतल्या 11,110 मुलांवर झालेल्या अभ्यासात शिक्षकांना प्रशिक्षण देणं किंवा मुलांची चाळणी करणं यांपेक्षा मुलांसोबतच घेतलेली सत्रं प्रभावी ठरली. वर्षभरानंतर प्रयत्नांचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. त्यात भूमिका-नाट्य होतं, चर्चा होती, भाषण नव्हतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात नापास मुलांच्या घरी दोन दिवसांच्या आत एक माणूस पोचला पाहिजे.

गावात मृत्यू झाला तर

पहिल्या तासात व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायचा असतो. पोलीस पाटील आणि ग्रुपचे ॲडमिन यांच्याशी आधीच बोलून ठेवा. फोटो नाही, चिठ्ठी नाही, कसं केलं ते नाही. स्थानिक बातमीदारांनाही तेच सांगा. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत, त्यांची एक प्रत त्यांच्या हातात द्या. ‘कर्जाला कंटाळून’, ‘मोबाइल दिला नाही म्हणून’ अशा एका ओळीच्या कारणांनी वाचणाऱ्या दुसऱ्या कर्जबाजारी माणसाला वाट दाखवल्यासारखं होतं. बातमीखाली 14416 छापून आणा.

घरच्यांकडे दारावर बसायला सगळं गाव येतं ते गंधमुक्तीपर्यंत. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं, ओटा रिकामा झाल्यावर. विधवा बाई, मोठा मुलगा आणि ज्याला ते आधी दिसलं तो माणूस, या तिघांना स्वतंत्र भेटा. त्यांच्यासाठीही नोंदवहीत पान उघडा.

महिन्याला काय मोजायचं

आत्महत्यांची संख्या मोजून यशापयश ठरवू नका. 30,000 लोकांत यंदा पाच, पुढच्या वर्षी दोन, मग आठ हे निव्वळ योगायोगानेही होतं. दोनवर टाळ्या वाजवल्या तर आठला तोंड लपवावं लागेल. मोजायच्या गोष्टी चार: डिस्चार्ज झालेल्यांपैकी किती जणांना सात दिवसांत भेटलात, किती जणांचं कार्ड खाडाखोड होऊन वापरात आहे, किती घरांतलं फवारणीचं औषध खरंच हललं, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी किती जण पोचले. पहिल्या तिमाहीत सात दिवसांतली भेट निम्म्यांना जरी झाली तरी पुष्कळ. शंभर टक्के दिसले तर वही तपासा.

प्रत्येक पानावर भेटणाऱ्या दोघींची नावं असू द्या, एकीची नको. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची बदली होते, आशाताई बाळंतपणाला जाते, कंत्राट संपतं. जाणारीने येणारीला किमान एका भेटीला सोबत न्यायचं आणि ओट्यावरच ओळख करून द्यायची: ‘पुढच्या वेळी बीपी बघायला या येतील.’